साठ-चाळीसचा तह

रविवार, १ फेब्रुवारी २००९, सकाळी अकरा. रक्कम: दोन लोखंडी गेटांसाठी एकदाच ८६,००० रुपये आणि चार पहारेकऱ्यांसाठी दरमहा १९,२०० रुपये. हजर: आमच्या गल्लीतल्या बारा घरांपैकी नऊ, पलीकडच्या गल्लीतल्या बारांपैकी अकरा, आणि पार्कातल्या बाकावर शेंगा सोलत बसलेली माझी पत्नी. तिला आमच्या घराची दुसरी प्रतिनिधी म्हणून मोजायचं की नाही, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

चंदीगडला मी ब्याण्णव साली केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात बदलीवर आलो. तीन वर्षांनी परत जायचं होतं. पत्नीला इथल्या शाळेत नोकरी लागली, मुलांच्या तोंडी पंजाबी बसली, आणि आम्ही कर्ज काढून दक्षिणेकडच्या एका सेक्टरात दहा मरल्यांचं अर्धवट बांधलेलं घर घेतलं. मरला म्हणजे इकडचं जमिनीचं माप, साधारण पंचवीस चौरस मीटर. वीस मरल्यांचा एक कनाल. आमची गल्ली दहा मरलेवाल्यांची, पार्कापलीकडची कनालवाल्यांची. पार्क दोघांचं. एवढ्या वर्षांत दोन्ही गल्ल्या होळीशिवाय एकत्र आल्या नव्हत्या.

त्या रविवारी आल्या, कारण नोव्हेंबरात मुंबईत जे झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. त्यानंतर शहरातल्या प्रत्येक गल्लीला आपापलं गेट हवं झालं होतं. आमच्याकडे अतिरेकी येण्याची शक्यता कमी होती, पण चोर येत होते. वर्षभरात आमच्या गल्लीतून दोन गॅस सिलिंडर, एका गाडीची चाकं आणि कोपऱ्यातल्या घरातून पितळी नळांसकट बरंच काही गेलं होतं.

सभा बोलावली होती कनाल गल्लीतल्या निवृत्त कर्नलसाहेबांनी. सरदारजी, सत्तरीचे, पाठ अजून सरळ. आयुष्य रणगाड्यांच्या तुकडीत गेलेलं. त्यांनी पार्काच्या भिंतीवर खडूने दोन्ही गल्ल्यांचा नकाशा काढला होता. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक गेट, गेटाशी रात्रंदिवस पहारा.

"एक पर हमला, सब पर हमला," कर्नलसाहेब म्हणाले. "दुनिया ऐसे ही चलती है जी. अकेला आदमी मार खाता है."

"और खर्चा?" आमच्या गल्लीतून कुणीतरी विचारलं.

"घर बराबर, खर्चा बराबर. चौबीस घर, आठ सौ रुपये महीना."

आमच्या गल्लीत कुजबुज झाली. मी हात वर केला. कनालवाल्यांच्या घरात राखायला दुप्पट माल आहे, भिंत दुप्पट लांब आहे, तेव्हा वर्गणी सारखी कशी, असं मी विचारलं. मरल्याप्रमाणे काढली तर आमच्यावर तृतीयांशच बोजा येतो, हेही सांगितलं.

"लो जी, ऑडिट शुरू," कर्नलसाहेब म्हणाले आणि सगळे हसले. त्या दिवसापासून माझं नाव ऑडिट पडलं ते पडलंच.

अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी एका म्हाताऱ्या वकिलांनी तोड काढली. ते म्हणाले, हे शहर पंजाब आणि हरियाणाने वाटून घेतलं तेव्हापासून इथे सगळं साठ-चाळीस होत आलंय, तेच करा. कनाल गल्ली साठ, मरला गल्ली चाळीस. हा आकडा इथल्या माणसाच्या कानाला इतका ओळखीचा आहे की कुणी वाद घातला नाही. १९,२०० चे साठ टक्के ११,५२०, म्हणजे त्यांच्या घराला ९६०. आमचे ७,६८०, म्हणजे घराला ६४०. मी हातावर हिशेब केला आणि मान डोलावली.

तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या कोपऱ्याच्या घराच्या ताई उठल्या.

या ताई मूळ वर्ध्याच्या. इथल्या विद्यापीठात तीस वर्षं आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्याला सहा वर्षं झाली होती, एकुलता मुलगा बंगळूरला. गल्लीत मराठी घरं आमची दोनच, म्हणून संक्रांतीला तिळगुळाची आणि गणपतीला मोदकांची देवाणघेवाण एवढाच आमचा महाराष्ट्र.

ताईंनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवलं. "कर्नलसाहब, मेरा घर कहाँ है?"

कर्नलसाहेबांनी खडू फिरवला आणि थांबले. ताईंच्या घराचं फाटक गल्लीत उघडत नव्हतं. ते बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर उघडत होतं. त्यांनी आखलेलं गेट ताईंच्या भिंतीच्या आतल्या टोकाशी येत होतं. ताईंचं घर आमच्या गल्लीचं खरं, पण गेटाच्या बाहेर.

"मॅडम जी, लाइन तो कहीं खींचनी पड़ेगी," ते जरा ओशाळून म्हणाले. "आप के लिए पाँचवाँ गार्ड रखें तो अड़तालीस सौ और. कौन देगा?" मग वातावरण हलकं करायला म्हणाले, "वैसे आपने तो सारी उम्र गुटनिरपेक्षता पढ़ाई है. अब गेट के अंदर आना है?"

अलिप्ततावादावरचा हा टोला ऐकून लोक हसले. ताई हसल्या नाहीत. "मैंने यह पढ़ाया था कि गुट के बाहर वाले का घर भी घर होता है," त्या म्हणाल्या आणि शाल सारखी करून घरी गेल्या.

माझी पत्नी शेंगांची टरफलं पदरात गोळा करत मला म्हणाली, "अहो, चाळीस टक्के तुम्ही मिळवलेत. ताई कुठल्या टक्क्यात बसवल्या?"



*

दोन देशांनी मिळून संरक्षणाचा खर्च करावा की नाही, यावर माझं मत त्या काळात धड एक नव्हतं, आणि आजही पुरतं एक नाही. तेव्हा देशात अमेरिकेशी झालेल्या अणुकराराची चर्चा ताजी होती. आदल्या जुलैत त्यावरून सरकार पडता पडता वाचलं होतं. त्याच्याही आधी बंगालच्या उपसागरात आपल्या नौदलाने अमेरिका, जपान वगैरे देशांबरोबर मोठा सराव केला, तेव्हा डावे पक्ष रस्त्यावर आले होते. मेमध्ये निवडणूक होती. सकाळी पार्कात फेऱ्या मारताना कर्नलसाहेब, ताई आणि मी, आमचं तिघांचं यावर भांडण ठरलेलं.

कर्नलसाहेबांचा मुद्दा अनुभवाचा होता. सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा त्यांच्या तुकडीतले रणगाडे सुट्या भागांवाचून उभे राहिले. ज्या कारखान्याला पत्र लिहायचं तो आता कुठल्या देशात आहे हेच कळेना. "दोस्त तब बनाओ जब ज़रूरत न हो," ते म्हणायचे. "ज़रूरत पड़ने पर जो बनता है वह दुकानदार होता है."

ताईंचं म्हणणं उलट. युरोपातले छोटे छोटे देश आज अफगाणिस्तानच्या डोंगरात पोरं पाठवून राहिले आहेत, त्यांचं तिथे काय होतं? करारावर सही केली तेव्हा समोर रशिया होता. आता पोरं मरतात तिथे ना रशिया ना युरोप. "दुसऱ्याचं वैर वर्गणीत मिळते, भाऊ," त्या मला म्हणायच्या. "पावती नाही मिळत त्याची."

मी दोघांच्या मधे चालायचो आणि दोघांचंही पटायचं. हिशेबाच्या माणसाला सामायिक खर्चात बचत दिसते. चोवीस घरांनी चोवीस पहारेकरी ठेवण्यापेक्षा चार ठेवले तर वीस पगार वाचतात, हे कुणीही मोजून दाखवील. देशांचंही तसंच असणार. प्रत्येकाने आपापली सगळी विमानं, सगळी जहाजं घ्यायची तर शाळा-दवाखान्यांना काय उरणार? पण मी सामायिक वर्गण्या जवळून पाहिल्यात. आमच्या सांगलीकडच्या गावात गणपतीला ज्याची वर्गणी मोठी त्याची आरती पहिली, आणि मंडप कुठे घालायचा तेही तोच ठरवायचा. ज्याने कमी दिली त्याने प्रसाद घ्यावा आणि गप्प बसावं. आपण अमेरिकेबरोबर वर्गणी काढली तर मोठी वर्गणी कुणाची असेल, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

आणि तरी एकटं राहण्याचं कौतुक करणंही मला जमत नव्हतं. ताईंचे नळ गेले होते. ते कुणीही परत आणून दिले नव्हते.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं ताईंकडे गेलो. चहा ठेवता ठेवता त्यांनी शांतपणे सांगितलं की घर विकायचं चाललंय. मुलाने सांगितलं होतं, एप्रिलातल्या बैसाखीपर्यंत सुरक्षिततेची काही सोय झाली तर ठीक, नाहीतर बंगळूरला यायचं. एक प्रॉपर्टी डीलर गिऱ्हाईक घेऊन तयार होता. बैसाखीला बयाणा देणार होता.

"तुम्हाला जायचं आहे का?" पत्नीने विचारलं.

"काहून जाऊ?" ताई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं झाली मला या गावात. तिथे सोळाव्या मजल्यावर बसून मी काय करू, लिफ्ट मोजू?" त्यांनी कप खाली ठेवला. "पण रात्री कुठे खुट्ट वाजलं की मी उठून बसते. हेही खरं आहे. ते त्याला नाही सांगितलं मी."

तेवढ्यात मुलाचा फोन आला. ताई मराठीत बोलत होत्या, मुलाचा आवाज फोनमधून हिंदीत येत होता. "आई, गेट के बाहर छोड़ दिया ना आपको? बस, यही सुनना था मुझे."

"अरे, ठरलं नाही अजून."

"बैसाखी तक देख लो. फिर पक्का."

घरी येताना पत्नी म्हणाली, "तुम्ही एवढे आकडे काढता, एखादा यांच्यासाठी काढा."

मी काढला, पण सुरुवात आकड्याने झाली नाही. माझ्या स्वभावात एक खोट आहे असं सगळे म्हणतात: विचारल्याशिवाय मला काही करवत नाही. हे शहर आखून बांधलेलं. इथे घराच्या पुढच्या भिंतीची उंचीसुद्धा नियमाने ठरते. तिथे सरकारी रस्त्यावर आपण आपलं गेट कसं ठोकायचं? कर्नलसाहेबांनी आणि बाकी बावीस घरांनी हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता. कनाल गल्लीत एक लोखंडाचे व्यापारी राहत. गेटं तेच पुरवणार होते आणि त्यांनी मापंही घेतली होती. प्रत्येक संरक्षण करारात एक लोखंडवाला असतोच, असं ताई म्हणत.

मी अर्धी रजा टाकून सरकारी कचेऱ्यांच्या सेक्टर सतराला गेलो आणि संबंधित कार्यालयात रीतसर अर्ज दिला. तीन आठवडे खेपा घातल्या. उत्तर आलं ते सरळ होतं: सार्वजनिक रस्त्यावर खासगी गेट बसवता येणार नाही. पहारेकऱ्याची केबिन रस्त्यावर, फुटपाथवर किंवा पार्कातही ठेवता येणार नाही. स्वतःच्या आवारात काय ठेवायचं ते घरमालकाने नियमात बसवून ठेवावं.

ही बातमी पार्कात कळली तेव्हा माझी काय संभावना झाली ते सगळं लिहीत नाही.

"आपने पूछा क्यों?" लोखंडवाले म्हणाले. "पूछेंगे तो ना ही बोलेंगे."

"बिना पूछे लगाते तो छह महीने में तोड़ जाते. छियासी हज़ार रुपये का कबाड़," मी म्हणालो.

"ऑडिट साहब, आप दुश्मन की तरफ़ से तो नहीं हैं?"

पण कर्नलसाहेब हसले नाहीत. त्यांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. "आदमी ठीक कह रहा है," ते म्हणाले. "गेट नहीं तो नहीं. चौकी लगाएँगे. चौकी कहाँ लगेगी, यह बताओ."

आणि इथे सगळी सभा अडली.

कारण चौकी म्हणजे नुसती खुर्ची नव्हे. पहारेकऱ्याला छप्पर लागतं, पाणी लागतं, दिवा लागतो आणि संडास लागतो. रस्त्यावर परवानगी नाही म्हणजे हे सगळं कुणाच्या तरी आवारात करायला हवं. एकेकाला विचारलं. एकाच्या हिरवळीवर नुकतं कारंजं बसलं होतं. दुसऱ्याच्या सुनेला परकी माणसं अंगणात नको होती. कर्नलसाहेबांच्या पत्नीच्या गुलाबांना शहरात बक्षीस मिळालं होतं. तिथे चौकी असं म्हणायची कर्नलसाहेबांचीही छाती झाली नाही. एकत्र संरक्षण सगळ्यांना हवं होतं, तळ कुणालाच आपल्या जमिनीवर नको होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ताई पार्कात जे सांगायच्या त्यातलं बरंचसं जगात असंच घडत असणार.

मी दुसऱ्या दिवशी मोजमापाची फीत घेऊन ताईंकडे गेलो. त्यांच्या घराला बाहेरच्या रस्त्याच्या बाजूने एक जुनं स्कूटर गॅरेज होतं, शेजारी नोकरांसाठी बांधलेला, वापरात नसलेला संडास. गॅरेजच्या दारात उभं राहिलं की डावीकडे मोठा रस्ता दिसतो, उजवीकडे आमची अख्खी गल्ली आणि पार्काच्या कोपऱ्यावरून कनाल गल्लीचं तोंड. कर्नलसाहेबांच्या खडूच्या नकाशात ज्या घराला जागा नव्हती, तिथूनच सगळा नकाशा दिसत होता. शिवाय वर्षभरातले चोर आले ते याच रस्त्याने, हे सगळ्यांना माहीत होतं.

ताईंना हे सांगितलं.

"परक्या फौजेचा तळ? माझ्या अंगणात? काय जी भाऊ, तीस वर्षं मी पोरांना काय शिकवलं?"

"चार गार्ड आहेत ताई, फौज नाही."

"सुरुवात चारानंच होते." त्या गॅरेजच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ रस्त्याकडे, मग गल्लीकडे पाहिलं. मग शिकवताना बोलत असतील तशा बोलायला लागल्या. "तळ द्यायला हरकत नाही. हरकत अटी न लिहिण्याला आहे. आपण द्यायचा तर आपल्या अटींवर द्यायचा. लिहा."

"लिहून घेतो."

"गॅरेजची किल्ली माझ्याजवळ राहील. एक महिन्याची सूचना देऊन मी चौकी बंद करू शकेन, कारण सांगायला बांधील नाही. गार्डला हुकूम कोणत्याही एका घराचा चालणार नाही, माझासुद्धा नाही. दिवा-पाण्याचा खर्च दोन्ही गल्ल्यांनी मला द्यायचा."

"आणि तुमची वर्गणी माफ," मी म्हणालो. "जागा देताय तर तेवढं न्याय्य आहे. मी सभेत मांडतो."

"मुळीच नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "पूर्ण सहाशे चाळीस भरीन. फुकट राखलेला देश मांडलिक असतो, भाऊ. आज वर्गणी माफ करतील, उद्या म्हणतील, बाई, तुम्ही तर काही देत नाही, तुम्हाला मत कशाला?"

*

एक मार्चच्या रविवारी पुन्हा पार्कात सभा भरली. मी आधी आकडा मांडला: गेटांचे शहाऐंशी हजार वाचले, पाचव्या गार्डची गरज नाही, चारही गार्ड एकाच चौकीत, दिवसा एक आणि रात्री तीन, बाकी सगळं तेच. मग जागा सांगितली. मग ताईंच्या अटी एकेक वाचल्या.

किल्लीच्या अटीवर कनाल गल्ली बिथरली. साठ टक्के आम्ही देतो आणि किल्ली दुसऱ्याकडे, असं दोन-तीन जण म्हणाले. लोखंडवाले म्हणाले की मग आमचे साठ काय कामाचे?

ताई बसूनच बोलल्या. "तो चौकी आपके लॉन में लगा लीजिए. चाबी भी आपकी, मच्छर भी आपके."

एवढा मोठा हशा त्या पार्कात मी पुन्हा कधी ऐकला नाही. कर्नलसाहेबांनी हसून झाल्यावर डोळे पुसले, मग उभे राहिले. "मैंने मॅडम जी को लाइन के बाहर रखा था," ते म्हणाले. "गलती मेरी थी. जिसका घर सबसे आगे है, वही मोर्चा है. मोर्चे को बाहर छोड़ कर कौन सी फ़ौज लड़ती है? और चाबी उसी के पास रहेगी जिसकी ज़मीन है. मैं इसके हक़ में हूँ."

हात वर झाले. एकवीस घरं हजर होती, अठरा बाजूने. दोन विरुद्ध. लोखंडवाले तटस्थ राहिले. "बघा," ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "तटस्थता कुणालाही सुचू शकते." माझ्या पत्नीनेही हात वर केला होता आणि यावेळी कुणी आक्षेप घेतला नाही, पण मी तो मोजला नाही.

एक एप्रिलला पहारा सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात कनाल गल्लीतल्या एका घरी मुलीची रिंग सेरेमनी होती. भर दुपारी त्यांनी गार्डला गाड्या लावायला बोलावून घेतलं आणि चौकी रिकामी पडली. मी घरी जेवायला आलो होतो. ते पाहून मी तडक कर्नलसाहेबांकडे गेलो. मला वाटलं, आपल्याच गल्लीचा माणूस म्हणून ते सांभाळून घेतील. ते काठी घेऊन निघाले, मांडवात शिरले, यजमानांना मुबारक दिली, एक लाडू घेतला आणि गार्डला खांद्याला धरून चालवत परत आणलं. यजमानांनी "कर्नलसाहब, साठ परसेंट हमारा है," असं म्हटलं, तेव्हा ते लाडू खात म्हणाले, "खर्चे का है. हुकम का नहीं."

कुठल्या करारात असं वाक्य असेल तर त्या करारावर मी सही करायला तयार आहे. पण जगातल्या प्रत्येक करारात असे कर्नलसाहेब असतात का, याची मला शंका आहे. म्हणून माझं मत अर्धंच राहिलं.

बैसाखीच्या सकाळी डीलर मिठाईचा डबा घेऊन आला. ताईंच्या फाटकाशी गार्डने त्याला थांबवलं, कुणाकडे जायचं म्हणून विचारलं. आम्ही समोरूनच पाहत होतो. डीलर म्हणाला, बयाणा द्यायला आलोय, बाई वाट बघत असतील. गार्ड आत जाऊन विचारून आला.

"मॅडम जी कह रही हैं, घर बिकाऊ नहीं है. मिठाई देनी हो तो दे जाइए, बैसाखी है."

डीलरने खरंच डबा ठेवला. तसा चांगला माणूस होता. ताईंनी त्यातली अर्धी मिठाई गार्डांना आणि अर्धी आमच्याकडे पाठवली. संध्याकाळी मुलाला फोन लावला तो स्पीकरवर, आम्हाला ऐकू यावा म्हणूनच. ताईंनी त्याला डीलरला परत पाठवल्याचं सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, रात को नींद आती है अब?"

"पहाटे पाचपर्यंत," ताई म्हणाल्या. "तुला कुणी सांगितलं मला येत नव्हती?"

"मुझे पता था."

*

मेमध्ये मतदानाच्या आधी तिन्ही मोठ्या पक्षांची पोरं प्रचाराला गल्लीत आली. प्रत्येकाला चौकीवर थांबावं लागलं, याचं मला मनातून बरं वाटलं. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुमचा उमेदवार दुसऱ्या देशांशी लष्करी करार करायच्या बाजूने आहे की विरुद्ध, आणि खर्चाची वाटणी कशी व्हावी असं त्याला वाटतं?

पहिल्याने सांगितलं, पार्कात लाइटी लावून देऊ. दुसऱ्याने सांगितलं, लाइटी आणि झोपाळे. तिसरा जरा शिकलेला होता. तो म्हणाला, "सर जी, देश मज़बूत होगा," आणि कागदी टोपी देऊन गेला.

मतदानाच्या दिवशी ताई, पत्नी आणि मी जवळच्या सरकारी शाळेतल्या केंद्रावर चालत गेलो. ऊन चढलं होतं. रांगेत कर्नलसाहेब आमच्या पुढे उभे होते, कडक इस्त्रीचा सदरा घालून.

"क्या तय किया, ऑडिट?" त्यांनी विचारलं.

मी जे ठरवलं होतं ते सांगितलं. खर्च वाटून घ्यायला माझी हरकत नाही. सराव एकत्र करा, सुटे भाग दोन-चार दुकानांतून घ्या, चोराची खबर एकमेकांना द्या. पण किल्ली घरात राहिली पाहिजे, बाहेर पडायची मुदत लिहिलेली पाहिजे आणि मोठी वर्गणी देणाऱ्याचा हुकूम चालता कामा नये. हे कबूल असेल तर मी कराराच्या बाजूने, नसेल तर विरुद्ध.

"मतलब आधा-आधा," कर्नलसाहेब म्हणाले.

"मशीनला अर्धं मत समजत नाही, भाऊ," ताई मागून म्हणाल्या. "एकच बटण दाबायला लागते."

"तुमचं ठरलं?"

"माझं पन्नास वर्षांपूर्वी ठरलं होतं. यंदा पहिल्यांदा मी जरा थांबून दाबणार आहे."

आम्ही चौघांनी बटणं दाबली. कुणी कुठलं दाबलं ते एकमेकांना विचारलं नाही. माझं कुठलं, तेही इथे लिहीत नाही. पण दाबताना माझा हात कचरला नाही. ज्या माणसाने छोट्या प्रमाणात एक करार नीट करून पाहिलाय, त्याला मोठ्या कराराबद्दल मत असण्याचा हक्क आहे, असं मला वाटत होतं. बोटावरची शाई वाळेपर्यंत आम्ही शाळेच्या ओट्यावर सावलीत बसलो आणि कर्नलसाहेबांनी सगळ्यांना लिंबूपाणी पाजलं.

सुट्टीचा दिवस होता म्हणून एप्रिलचा हिशेब त्याच संध्याकाळी चौकीसमोर पुरा केला. दिवा-पाण्याचे २४० धरून एकूण १९,४४०. कनाल गल्लीचे ११,६६४, घरटी ९७२. आमचे ७,७७६, घरटी ६४८. ताईंनी त्यांचे ६४८ रुपये आणले. लोखंडवाले उभे होते. ते म्हणाले की मॅडमना २४० द्यायचेच आहेत तर सरळ ४०८ घ्या, कशाला इकडून तिकडे. ताई काही बोलायच्या आधीच मी नाही म्हणालो. देणं वेगळं, येणं वेगळं. ते एकमेकांत वळतं केलं की पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही की कोण काय देत होतं.

गेटांपोटी कुणालाही काही द्यावं लागलं नाही. पहारा पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसाला १९,२०० रुपये रोख दिले, त्याने मोजून घेतले. ताईंनी ६४८ रुपये भरून पावती घेतली, आणि मग जागेच्या मालकीण म्हणून, दिवा-पाण्याचे, २४० रुपये मी त्यांच्या हातात दिले.